कारागिरांच्या मजलिशीत बसणारा गणिती : अबुल वफा बूझजानी

मशिदीच्या मेहराबीवरची नक्षी, दर्ग्याच्या खिडकीतली दगडी जाळी, घरातल्या जानमाजवरचे तारे आणि चौकोन. हे सगळं आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. एक आकार दुसऱ्याला चिकटतो, दुसरा तिसऱ्याला, मध्ये कुठे फट नाही, कुठे एकावर एक चढलेलं नाही. नजर एका ताऱ्यावर ठेवली की ती आपोआप पुढच्या ताऱ्याकडे सरकते. आपण म्हणतो, "काय सुंदर काम आहे!" आणि पुढे जातो. पण हे सांधे इतके नेमके कसे बसले, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही.

साधारण एक हजार वर्षांपूर्वी बगदादमध्ये एका मोठ्या गणितीने हा प्रश्न गांभीर्याने घेतला. तो घेताना ते फक्त विद्वानांमध्ये बसले नाहीत, तर हाताने काम करणाऱ्या कारागिरांमध्येही जाऊन बसले. त्यांचं नाव अबुल वफा मुहम्मद अल-बूझजानी. आज त्यांची ओळख करून घेऊ या.

खुरासानमधलं बालपण

अबुल वफा यांचा जन्म १ रमजान ३२८ हिजरी, म्हणजे १० जून ९४० रोजी बूझजान इथे झाला. हे गाव खुरासान प्रांतातलं. आज तो भाग इराणमध्ये तुर्बत-ए-जामजवळ येतो. गणिताचे पहिले धडे त्यांना घरातच मिळाले. एक चुलते आणि एक मामा, दोघंही हिशेब आणि भूमिती जाणणारे होते. आपल्याकडे सुताराचा किंवा शिंप्याचा मुलगा जसा घरातच धंदा शिकतो, तसं या मुलाने घरातच गणित उचललं.

३४८ हिजरीत, म्हणजे ९५९ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते इराकला गेले आणि पुढचं सगळं आयुष्य बगदादमध्येच राहिले. हे शहर खलिफा मन्सूर यांनी ७६२ मध्ये गोल आकारात वसवलं होतं, म्हणजे शहराचा जन्मच परकाराच्या रेघेतून झाला होता. अबुल वफा तिथे पोहोचले तेव्हा गादीवर अब्बासी खलिफा होते, पण खरी सत्ता बुवैही अमीरांच्या हातात होती. राजकारणात खळबळ असली तरी इल्मच्या बाबतीत तो काळ भरभराटीचा होता. ग्रीक आणि हिंदी ग्रंथांचे अरबी तर्जुमे झालेले होते, त्यांवर वाद-चर्चा चालत होत्या आणि हुशार माणसाला दरबारात जागा मिळत होती.

मुन्शी आणि कारकुनांसाठी हिशेब

अबुल वफा यांचं पहिलं मोठं पुस्तक विद्वानांसाठी नव्हतं. ते होतं सरकारी कचेरीतल्या मुन्शी आणि कारकुनांसाठी, त्यांना अंकगणितातलं जे जे लागतं त्याबद्दल. ९६१ ते ९७६ या काळात ते लिहिलं गेलं. त्यात जमिनीची मापं होती, कर, मजुरी, नाण्यांची अदलाबदल आणि व्यापारातले हिशेब होते.

गंमत म्हणजे या अख्ख्या पुस्तकात त्यांनी अंक वापरलेच नाहीत. सगळ्या संख्या शब्दांत लिहिल्या. हिंदी अंक तेव्हा बगदादमध्ये माहीत होते आणि अबुल वफांनाही ते चांगले येत होते. पण कचेरीतला कारकून मनात आणि बोटांवर हिशेब करायचा, त्याला अंकांची सवय नव्हती. मग पुस्तक त्याच्या सवयीने लिहायचं की आपल्या? अबुल वफांनी त्याच्या सवयीने लिहिलं. आम्ही शिक्षक मंडळी बी.एड.ला शिकतो की विद्यार्थी जिथे उभा आहे तिथून सुरुवात करावी. हा माणूस हजार वर्षांपूर्वी तेच करत होता.

याच पुस्तकात तीनातून पाच वजा करण्याची गोष्ट येते. उत्तर त्यांनी 'दोनाचं कर्ज' असं दिलं. सातवी-आठवीतल्या मुलांना ऋण संख्या समजावताना आजही याहून सोपी युक्ती सापडत नाही.

तीन चौकोनांचा सवाल

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. ९९० नंतर, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी आणखी एक पुस्तक लिहिलं. कारागिराला भूमितीच्या कामांपैकी जे जे लागतं, ते त्यात होतं. पुस्तक बुवैही अमीर बहाउद्दौला यांना अर्पण केलं होतं, पण त्याचा खरा वाचक होता फरशी बसवणारा, लाकूड कापणारा, नक्षी काढणारा.

हे पुस्तक का लिहावं लागलं, हे त्यातल्याच एका प्रसंगातून कळतं. बगदादमध्ये गणिती आणि कारागीर यांच्या एकत्र बैठका होत असत. अशाच एका बैठकीत सवाल निघाला : सारख्या मापाचे तीन चौकोन आहेत, ते कापून, जोडून त्यांचा एकच मोठा चौकोन कसा करायचा?

गणिती मंडळींना हा प्रश्न सोपा वाटला. पायथागोरसचा सिद्धांत वापरून त्यांनी लगेच एक रेघ काढली आणि सांगितलं की मोठ्या चौकोनाची बाजू एवढी येईल. बरोबरच होतं ते. पण कारागिरांचं समाधान झालं नाही. त्यांना रेघ नको होती, त्यांच्या हातात तीन फरश्या होत्या. त्या कुठे कापायच्या आणि तुकडे कसे बसवायचे, हे त्यांना हवं होतं. त्याचं उत्तर गणितींकडे नव्हतं.

मग कारागिरांनी आपापल्या रीती पुढे केल्या. त्यांतल्या काही बरोबर होत्या. काही मात्र डोळ्याला बरोबर दिसत होत्या, पण मुळात चुकीच्या होत्या.

डोळा कसा फसतो, ते एका साध्या उदाहरणाने बघू. फरशीची बाजू १० सेंटीमीटर धरा. तीन फरश्यांचं क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या चौकोनाची बाजू सुमारे १७.३२ सेंटीमीटर यायला हवी. समजा कोणी एक फरशीची बाजू आणि तिचा निम्मा कर्ण मिळवून बाजू धरली, तर ती १७.०७ येते. फरक फक्त अडीच मिलिमीटरचा. एका चौकोनात तो दिसणारही नाही. पण असे दहा चौकोन एका ओळीत बसवा, फरक अडीच सेंटीमीटरवर जातो आणि भिंतीशी येऊन सगळी नक्षी वाकडी होते. चूक लहान असते तेव्हा दिसत नाही, आणि दिसते तेव्हा काम उखडावं लागतं. ज्यांच्या घरी टाइल्सचं काम झालंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

अबुल वफांची रीत

अबुल वफांनी दोन्ही बाजूंची उणीव ओळखली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, गणितीला पुराव्याने सत्य कळतं पण हाताचा सराव नसतो, आणि कारागिराला हाताचा सराव असतो पण तो डोळ्याच्या अंदाजावर विसंबतो. कोणाचीही टिंगल न करता त्यांनी चुकीच्या रीती का चुकतात ते दाखवलं आणि स्वतःची रीत दिली.

ती रीत घरी मुलांसोबत कागदावर करून पाहता येईल. सारख्या मापाचे तीन चौकोन कापा. त्यांपैकी दोन चौकोन कर्णावर कापा, म्हणजे चार त्रिकोण मिळतील. तिसरा चौकोन अख्खा मध्ये ठेवा. आता प्रत्येक त्रिकोणाची लांब बाजू मधल्या चौकोनाच्या एकेका बाजूला लावा. लावताना त्रिकोणाचं एक टोक चौकोनाच्या कोपऱ्याला टेकवा आणि दुसरं टोक पलीकडे बाहेर जाऊ द्या. चारही त्रिकोण एकाच दिशेने फिरत जायला हवेत. भिंगरीसारखा आकार तयार होईल. मग चारही त्रिकोणांचे काटकोनी कोपरे सरळ रेघांनी जोडा. रेघांच्या बाहेर चार छोटे तुकडे राहतील आणि आत तेवढ्याच चार रिकाम्या जागा दिसतील. बाहेरचे तुकडे कापून आत बसवा. झाला चौकोन! काही उरलं नाही, काही कमी पडलं नाही.

आपल्या आजी-नानी जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवायच्या, त्यातही हीच अक्कल होती : तुकडा वाया जाऊ द्यायचा नाही. अबुल वफांनी त्या अकलेला पुराव्याची जोड दिली. बघणाऱ्याला सुंदर नक्षी मिळाली, कारागिराला कापायची रीत मिळाली आणि गणितीला सिद्ध करता येईल असं उत्तर मिळालं.

पाच चौकोनांचं तर याहून सोपं आहे. दोन-दोन चौकोन जोडून दोन आयत करा, ते कर्णावर कापा. मिळालेले चार त्रिकोण पाचव्या चौकोनाभोवती भिंगरीसारखे बसवा, की थेट एक मोठा चौकोन होतो.

पट्टी, परकार आणि गुण्या

या पुस्तकाची सुरुवात होते कारागिराच्या हत्यारांपासून : पट्टी, परकार आणि गुण्या. हो, तोच गुण्या, जो आपल्या मुलांच्या कंपासपेटीत असतो आणि जो गवंडी भिंतीचा कोपरा काटकोनात आहे की नाही ते बघायला लावतो. हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि अबुल वफांच्या अरबी पुस्तकातही तो जवळपास याच रूपात आहे. परकार हा शब्दही फारसी 'परगार'वरून आलेला. म्हणजे नाशिकचा किंवा सोलापूरचा गवंडी जो शब्द रोज उच्चारतो, तो हजार वर्षांपूर्वी बगदादच्या कारागिराच्याही ओठांवर होता.

पट्टी सरळ आहे की नाही आणि गुण्याचा कोन खरा आहे की नाही, हे तपासायला हवं, यावर पुस्तकात भर आहे. हत्यारच चुकीचं असेल तर नक्षी कशी बरोबर येणार? त्यानंतर समभुज त्रिकोण, चौकोन, पंचकोन, षटकोन, अष्टकोन असे आकार काढायच्या रीती येतात. बऱ्याच रीती अशा आहेत की परकार एकदा उघडला की तो पुन्हा कमी-जास्त करायचाच नाही. कामाच्या जागी परकार वारंवार उघड-मीट केला की माप हलतं, ही अडचण त्यांना माहीत होती. लांबलचक पुरावे मात्र त्यांनी या पुस्तकातून बाजूला ठेवले, कारण कारागिराला रीत हवी होती.

या आकारांमागचं एक साधं गणित मुलांना जरूर सांगावं. एका बिंदूभोवती पूर्ण फेरी ३६० अंशांची असते. समभुज त्रिकोणाचा कोन ६०, चौकोनाचा ९०, षटकोनाचा १२०. या तिन्हींनी ३६० ला पूर्ण भाग जातो, म्हणून नुसते त्रिकोण, नुसते चौकोन किंवा नुसते षटकोन वापरून अख्खी भिंत फटीशिवाय भरता येते. समभुज पंचकोनाचा कोन १०८, त्याने भाग जात नाही, म्हणून नुसत्या पंचकोनांनी भिंत भरत नाही. अष्टकोनाचा कोन १३५. दोन अष्टकोन शेजारी ठेवले की २७० होतात आणि ९० उरतात, तिथे नेमका एक चौकोन बसतो. आठ कोनांच्या फरशांमध्ये छोटा चौकोन का दिसतो, त्याचं हे उत्तर.

मशिदी आणि मदरशांमध्ये माणसांची, जनावरांची चित्रं टाळली जात. त्यामुळे कारागिरांनी आपलं सगळं कसब खुशखत, वेलबुट्टी आणि भूमितीच्या नक्षीत ओतलं. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवराची आठ कोनांची जाळी आहे. पुढच्या वेळी तिथे गेलात तर फोटो काढून झाल्यावर मुलांना त्या जाळीचे कोन मोजायला सांगा.

सावली, चंद्र आणि एक तरुण मित्र

अबुल वफा फक्त नक्षीचे गणिती नव्हते. त्रिकोणमितीत त्यांचं काम फार मोठं आहे. अर्ध्या अंशाच्या कोनाची साइन किंमत त्यांनी आठ दशांश स्थळांपर्यंत अचूक काढली. टॅन्जंटचं कोष्टक त्यांनी तयार केलं. अरबीत टॅन्जंटला 'जिल' म्हणजे सावली म्हणत, कारण उभ्या काठीची सावली मोजण्यातूनच ती कल्पना आली. असरच्या नमाजची वेळ सावलीवरून ठरते, हे आपल्याला माहीतच आहे. इबादत आणि गणित त्या काळी एकमेकांपासून इतके दूर नव्हते.

९८८ मध्ये शरफुद्दौला यांनी बगदादच्या महालाच्या बागेत वेधशाळा बांधली. तिथे अबू सहल अल-कूही यांच्यासोबत अबुल वफाही होते. २४ मे ९९७ रोजी चंद्रग्रहण झालं, तेव्हा त्यांनी बगदादमधून ते पाहिलं आणि त्याच वेळी दूर ख्वारिज्ममधल्या काथ शहरातून एका तरुणाने पाहिलं. ग्रहण दोन्हीकडे एकाच क्षणी दिसतं, पण दोन्हीकडच्या घड्याळाची वेळ वेगळी असते. त्या फरकावरून दोन शहरांच्या रेखांशातलं अंतर काढता येतं. काथमधला तो तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण होता अल-बिरुनी, जो पुढे हिंदुस्थानावर जगप्रसिद्ध ग्रंथ लिहिणार होता. ५६ वर्षांचा नामवंत गणिती आणि एक उमेदीतला तरुण, शेकडो मैलांवरून एकच काम वाटून करत होते.

माणूस म्हणूनही ते दिलदार असावेत. गरिबीने गांजलेले अदीब अबू हय्यान अत-तौहीदी यांना त्यांनीच वजीर इब्न सादान यांच्या मजलिशीत नेलं. त्या रात्रींच्या गप्पा लिहून काढा, असा आग्रहही त्यांनीच धरला. त्यातून 'अल-इम्ता वल-मुआनसा' हा अरबी गद्यातला नामांकित ग्रंथ तयार झाला.

जुलै ९९८ मध्ये बगदादमध्येच त्यांचा इंतकाल झाला.

नंतरची गोष्ट

कारागिरांसाठीचं पुस्तक त्यांच्यानंतरही वाचलं गेलं. त्याचे फारसी तर्जुमे झाले. १८५५ मध्ये फ्रांझ व्योपके यांनी त्याचा अभ्यास फ्रेंचमध्ये छापला. आज चंद्रावर, आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला, एका विवराला अबुल वफा हे नाव आहे.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. एकोणिसाव्या शतकात सेदियो नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने दावा केला की चंद्राच्या गतीतला एक बारीक फरक टायको ब्राहेच्या सहाशे वर्षं आधी अबुल वफांनी शोधला होता. पॅरिसमध्ये त्यावर बरीच वर्षं वाद चालला. शेवटी तो दावा मूळ मजकुराच्या चुकीच्या अर्थावर उभा होता, असं ठरलं. टॅन्जंटची गोष्टही तशीच. काही लोक त्याचा शोध सरळ त्यांच्या नावावर टाकतात, पण त्यांच्या आधी हबश अल-हासिब यांनीही सावलीचं कोष्टक केलं होतं.

मोबाईलवर आपल्याकडे असे अनेक मेसेज फिरतात : हेही आपणच शोधलं, तेही आपणच शोधलं. अबुल वफांना असल्या उसन्या मोठेपणाची गरज नाही. चुकीचा दावा हा त्या १७.०७ सेंटीमीटरच्या बाजूसारखा असतो. दिसायला बरोबर, पण भिंतीपर्यंत गेला की उघडा पडतो. त्यांचं खरं काम पुरेसं मोठं आहे, आणि त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आमच्या मते अशी : कारागिराचा प्रश्न हाही इल्मचाच प्रश्न आहे, असं त्यांनी मानलं.

आपल्या समाजात फरशी बसवणारे, सुतार, वेल्डर, जरीकाम करणारे, यंत्रमागावर काम करणारे लोक खूप आहेत. त्यांच्या घरातली मुलं आमच्या वर्गात येतात. भूमितीचा तास आला की त्यातली काही गप्प होतात, कारण हा विषय आपल्यासाठी नाही असं त्यांना वाटतं. आणि दुसरीकडे शिकून नोकरीला लागलेले काही जण हाताच्या कामाला कमी समजतात. दोन्ही बाजूंचं नुकसान होतं. ज्या मुलाचा बाप रोज जमिनीवर काटकोन लावतो, त्याला पायथागोरस परका वाटावा, यात मुलाचा दोष नाही. त्याच्या बापाच्या कामात भूमिती आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नाही.

ते सांगायला फार काही लागत नाही. एका सुट्टीच्या दिवशी कागदाचे तीन चौकोन कापा. मुलांना करू द्या, चुकू द्या, मोजू द्या. वडील फरशीचं काम करत असतील तर त्यांना मध्ये बसवा, कारण कुठे कापायचं हे त्यांना आधी सुचेल. आणि ते बरोबर का बसलं, हे मुलाने पुस्तकातून काढून वडिलांना समजावून सांगावं.